कण्याचा बाक आणि बाळंतपण



ही व्याख्यानमाला एका प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ भरते, तेव्हा आजचं पुष्प बाळंतपणाविषयी असणं स्वाभाविकच आहे. विषय मात्र नेहमीचा नाही. ज्या मुलीचा पाठीचा कणा लहानपणापासून एका अंगाला वाकलेला आहे, तिला दिवस राहिले की काय होतं, काय होत नाही, आणि तिची काळजी कुणी, केव्हा, कशी घ्यायची, हा तो विषय.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी विंझरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये ब्रिटनच्या राजकन्या युजिनी यांचं लग्न झालं. त्यांनी डोक्यावरून जाळीदार वस्त्र घेतलं नव्हतं आणि पोशाखाची पाठ मुद्दाम खोल ठेवून घेतली होती. पाठीवरचा शस्त्रक्रियेचा व्रण जगभरच्या कॅमेऱ्यांना दिसावा, ही त्यांचीच इच्छा होती. बारा वर्षांच्या असताना, २००२ साली, स्टॅनमोरच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात त्यांच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि आत टायटॅनियमच्या सळ्या बसवल्या होत्या. २०२१ मध्ये त्यांना पहिला मुलगा झाला, २०२३ मध्ये दुसरा.

आपल्याकडे असाच व्रण असलेली मुलगी लग्नाची झाली की घरातली वागणूक बदलते. ब्लाउजची पाठ वर चढते, पदर दोन्ही खांद्यांवरून येतो, आणि ‘स्थळाकडे एवढ्यात बोलू नका’ असं मध्यस्थांना सांगितलं जातं. आईवडिलांच्या मनात कपट नसतं. मुलीचं कसं होईल या काळजीपोटी हे चाललेलं असतं. पण लपवलेली गोष्ट सासरीही लपूनच राहते. पुढे दिवस राहतात, दवाखान्यात नाव घातलं जातं, डॉक्टर विचारतात, ‘पूर्वी एखादं ऑपरेशन?’ शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. मुलगी ‘नाही’ म्हणते. ते एक ‘नाही’ केसपेपरवर चढतं आणि नऊ महिने तिथेच राहतं. मग एखाद्या रात्री सिझर करायची वेळ येते, भूलतज्ज्ञ तिला कुशीवर वळवतात आणि मानेपासून कमरेपर्यंतचा व्रण त्यांना पहिल्यांदा दिसतो.

आजच्या व्याख्यानाचं म्हणणं या प्रसंगाभोवती आहे. कण्याचा बाक बहुतेक स्त्रियांच्या आईपणाच्या आड येत नाही. ज्या थोड्या जणींना खरा धोका असतो, त्यांचा धोकाही आधी कळला तर बराचसा आवरता येतो. त्यासाठी बाईच्या पाठीबद्दल मोकळेपणाने आणि वेळेत बोलावं लागतं.

आधी बाक म्हणजे काय ते पाहू. पाठीमागून पाहिल्यावर कणा सरळ रेषेत दिसायला हवा. तो एका बाजूला झुकतो आणि झुकताना स्वतःभोवती थोडा वळतोही. गोल जिन्याच्या पायऱ्या वर जाताना वळत जातात, तसे मणके एकावर एक फिरत जातात. म्हणून एक खांदा उंच दिसतो, एका बाजूच्या फासळ्या मागे येतात, कमरेची एक खळगी खोल होते. याला स्कोलिओसिस म्हणतात. बाक किती, हे एक्स-रेवर कोन काढून मोजतात. ती रीत जॉन रॉबर्ट कॉब या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने १९४८ साली मांडली. म्हणून तिला कॉब कोन म्हणतात. दहा अंश किंवा त्याहून जास्त कोन असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणायचं.

वयात येणाऱ्या दर शंभर मुलामुलींमागे दोघा-तिघांना असा बाक असतो. त्यातले बहुतेक बाक लहान असतात आणि नेमकं कारण सापडत नाही. छोट्या बाकांत मुलगे आणि मुली जवळजवळ सारख्याच असतात. पण तीस अंशांच्या पुढे गेलेले बाक पाहिले तर एका मुलामागे आठ-दहा मुली आढळतात. म्हणजे हा आजार मुख्यतः मुलींना आणि नेमका त्यांच्या वाढीच्या वयात गाठतो. दहा-पंधरा वर्षांनी त्याच मुली गर्भार राहतात आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा विषय प्रसूतितज्ज्ञांच्या दारात येऊन उभा राहतो.

तिथे पहिला प्रश्न येतो तो भीतीचा: कंबर अशी असताना मूल बाहेर कसं येणार? या भीतीला इतिहास आहे. मुडदुसाने लहानपणी हाडं मऊ पडली की ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा चपटा होतो, बाळाची वाट अरुंद होते आणि बाळंतपण अडतं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या कोंदट औद्योगिक शहरांत हे सर्रास होत असे. आपल्या उपखंडातही झालं. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन वॉन यांनी १९२८ साली पडदापद्धतीवर पुस्तक लिहिलं. उन्हाचं तोंड न पाहिलेल्या स्त्रियांची हाडं कशी मऊ पडतात आणि त्यांची बाळंतपणं कशी अडतात, हे त्यात होतं. वाकडी पाठ आणि अडलेली बाळंतीण ही जोडी लोकांच्या मनात बसली ती अशा काळात. वयात येताना सुरू होणाऱ्या नेहमीच्या स्कोलिओसिसमध्ये मात्र ओटीपोटाचा सांगाडा बहुधा धडधाकट असतो. बाक छातीच्या मणक्यांत असतो किंवा कमरेच्या वरच्या भागात. बाळ उतरतं ती वाट त्याच्या खाली असते. म्हणून केवळ कण्याला बाक आहे एवढ्या कारणासाठी सिझर करायची गरज नसते. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, कळा थांबल्या असतील, तर सिझर होतं; ते कुणाचंही होतं. कमरेच्या अगदी तळाशी मोठा बाक असेल किंवा जन्मतःच मणके आणि माकडहाडाचा भाग नीट घडलेला नसेल, तर बाळाची ठेवण बदलण्याची शक्यता वाढते आणि तिथे शेवटच्या महिन्यांत जास्त लक्ष द्यावं लागतं.

दुसरा प्रश्न उलट बाजूचा: गर्भारपणामुळे बाक वाढेल का? शंका रास्त आहे. गर्भारपणात रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सांध्यांचे बंध सैल करतं, वजन दहा-बारा किलोंनी वाढतं, पोट पुढे येतं आणि तोल सांभाळायला कंबर मागे वाकते. सैल झालेल्या बंधांवर एवढा भार पडला तर वाकलेला कणा आणखी वाकेल, असं कुणालाही वाटेल.

उत्तर मिळायला मात्र एका पिढीने मोठं व्हावं लागलं. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला पोलिओच्या साथींनंतर वाकलेल्या कण्यांची मुलं मोठ्या संख्येने डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे येऊ लागली. कण्याला स्टीलची सळई लावून तो सरळ धरायचा आणि मणके एकमेकांना सांधायचे, अशी शस्त्रक्रिया त्यांनी बसवली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. त्याआधी मुलींना महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पडून राहावं लागे. हॅरिंग्टन यांची सळई लावलेल्या आणि पाठीला आधाराचे पट्टे बांधून वाढलेल्या मुली १९७० आणि ८० च्या दशकांत आया होऊ लागल्या, तेव्हा मोजमाप करता आलं. १९८७ साली रँडल बेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोलिओसिस असलेल्या ३५५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १७५ जणींना एकदा तरी दिवस राहिले होते, १८० जणींना कधीच नाही. दोन्ही गटांत बाक वाढण्याचं प्रमाण सारखंच निघालं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या आयना डॅनिएल्सन आणि अल्फ नाकेमसन यांनी उपचारांनंतर बावीस वर्षांनी स्त्रियांना पुन्हा बोलावून तपासलं. २००१ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांतही बाळंतपणांची संख्या आणि बाकाची वाढ यांचा संबंध दिसला नाही.

मोठे बाक वाढतात हे खरं आहे, पण ते गर्भारपणाची वाट पाहत नाहीत. आयोवातल्या स्टुअर्ट वाइनस्टाइन आणि इग्नासियो पोन्सेटी यांनी १९८३ साली दाखवलं की छातीच्या भागातले ५० ते ७५ अंशांचे बाक वाढ पूर्ण झाल्यावरही वर्षाला साधारण एक अंश या गतीने सरकत राहतात. बाळंतपणानंतर पाच वर्षांनी कोन पाच अंशांनी वाढलेला दिसला तर ‘मूल झालं आणि पाठ गेली’ असं म्हटलं जातं. ती वाढ मुलाशिवायही झाली असती. हे सुनेला आणि सासूला दोघींनाही सांगायला हवं, कारण दुसऱ्या मुलाचा निर्णय अनेकदा या गैरसमजावर अडतो.

स्वीडनच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली. काही स्त्रियांनी सांगितलं की शरीराच्या दिसण्याबद्दलच्या संकोचाने त्यांच्या वैवाहिक जीवनावर परिणाम झाला. वैद्यकीय अहवालात ही नोंद यावी, हे फार महत्त्वाचं आहे. हा संकोच आजूबाजूच्या नजरांनी घातलेला असतो. आपल्या कथापुराणांतही पाठ वाकलेली बाई एक तर कारस्थानी मंथरा असते, नाही तर देवाच्या स्पर्शाने सरळ झाल्यावरच सुंदर ठरणारी कुब्जा. वाकलेल्या पाठीनिशी सुखाने संसार करणारी, मूल वाढवणारी बाई गोष्टीत सहसा भेटत नाही.

आता धोका कुठे आहे ते पाहू. तो श्वासात आहे. गर्भ वाढतो तसं श्वासपटल सुमारे चार सेंटिमीटर वर सरकतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा पाचव्या हिश्श्याने कमी होते. त्याच वेळी शरीराची प्राणवायूची मागणी वाढते, रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. निरोगी छातीला हे पेलतं. चाळीस-पन्नास अंशांच्या बाकालाही बहुतेक वेळा पेलतं. शंभर अंशांच्या आसपासच्या बाकात मात्र फासळ्यांचा पिंजराच आवळलेला असतो. अगदी लहानपणी सुरू झालेला बाक, स्नायूंच्या दुबळेपणातून आलेला बाक, पोलिओनंतरचा बाक, क्षयाने मणके खचून आलेलं कुबड, यांत फुप्फुसं मुळातच पुरती वाढलेली नसतात. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. त्याआधी पोलिओ झालेल्या मुली आजही आई होण्याच्या वयात आहेत, हे प्रसूतिगृहांनी विसरू नये.

अशा स्त्रीची फुप्फुसांची क्षमता दिवस राहण्याआधी तपासायला हवी. यंत्रात फुंकण्याची ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. तिच्यात एक बारकावा आहे. क्षमता किती असायला हवी हे उंचीवरून ठरतं आणि बाकामुळे उंची कमी भरते. म्हणून दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घेतात आणि तेच उंचीच्या जागी धरतात. हे केलं नाही तर कमजोर फुप्फुसंही कागदावर ठीक दिसतात. सोबत हृदयाचा इको करतात. पूर्ण श्वास घेऊन सोडलेली हवा लिटरभरही भरत नसेल, तर धोका मोठा असतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असेल तर गर्भारपण आईच्या जिवावर बेतू शकतं; जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो दिवस राहू न देण्याच्या गटात मोडतो. या टोकाच्या अलीकडे बऱ्याच जणी असतात. रात्री मास्कवाटे श्वासाला आधार देणारं यंत्र, दर काही आठवड्यांनी तपासणी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात ठरवून केलेलं बाळंतपण, या बळावर अशा स्त्रियांनीही निरोगी मुलांना जन्म दिला आहे.

बाक कशामुळे आला, हेही विचारायला हवं. उंच, सडपातळ, लांब बोटांच्या मुलीला बाक असेल तर मार्फान सिंड्रोमची शंका घेऊन महाधमनी तपासतात, कारण गर्भारपणात ती फाटण्याचा धोका असतो. पाठीचा कणा जन्मतःच नीट न जुळलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडा असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड मोठ्या मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं असतं. तिच्या बाळाला तोच दोष होण्याची शक्यता त्याने बरीच घटते.

बाकीच्या बहुसंख्य जणींचा खरा त्रास दुखण्याचा. गर्भारपणात कंबर बहुतेकींची दुखते; वाकलेल्या कण्याच्या बाईची जरा जास्त आणि लवकर. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवावा, पाण्याचा हंडा कमरेवर घेऊ नये, केर वाकून काढू नये, फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे आणि पाठीचे व्यायाम शिकून घ्यावेत. दुखलं म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर आणून घेऊ नये. विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर आणि त्याच्याभोवतीच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येतं.

एक्स-रेबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. बाक मोजण्यासाठी गर्भारपणात एक्स-रे काढायची गरज नसते; ते मोजमाप बाळंतपणानंतर होतं. फार गरज पडली तर एमआरआय करता येतो. पण दिवस राहिल्याचं कळण्याआधी कंबरेचा एक्स-रे निघाला, म्हणून गर्भ पाडायची घाई करणारी घरं आहेत. ५० मिलिग्रेपेक्षा कमी किरणोत्सर्गाने गर्भात व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही, आणि कंबरेच्या एका एक्स-रेतून त्याच्या कितीतरी खालची मात्रा मिळते. तेवढ्या कारणाने हवंसं मूल गमावू नये.

आता मुख्य मुद्दा, पाठीतल्या सुईचा. सिझरला किंवा वेदनारहित प्रसूतीला कमरेच्या मणक्यांच्या फटीतून औषध देतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, म्हणून सुई त्याच्या खाली जाते. सरळ कण्यात मधली रेषा बोटांना लागते. वाकलेल्या कण्यात मणके फिरलेले असल्याने बोटांना लागलेली रेषा खरी मधली नसते. बाकाच्या फुगीर बाजूला फटी रुंद असतात, म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ सुईचं टोक त्या बाजूला झुकवतात. अनेक ठिकाणी ते आधी सोनोग्राफीने फट शोधून त्वचेवर खूण करतात.

शस्त्रक्रिया झालेली असेल तर सगळं अवलंबून असतं ते सळ्या कुठे संपतात यावर. मणके छातीच्या भागापुरते सांधलेले असतील तर खालच्या फटी मोकळ्या असतात आणि सुई नेहमीप्रमाणे जाते. सांधलेला भाग कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापर्यंत उतरला असेल तर फटींवर हाड आलेलं असतं. एपिड्युरलचं औषध ज्या पोकळीत पसरायचं, ती जुन्या व्रणाने चिकटलेली असते. मग एक बाजू बधिर होते आणि दुसरी दुखत राहते. अशा वेळी औषध थेट कण्यातल्या पाण्यात सोडणारं स्पायनल जास्त भरवशाचं ठरतं. तेही जमलं नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्यासाठी मान आणि जबडा किती उघडतो हे आधी पाहून ठेवलेलं बरं. हे सगळे निर्णय बाविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या आठवड्यात शांतपणे घेता येतात. मध्यरात्री बाळाचे ठोके घसरत असताना घेणं सगळ्यांनाच जड जातं.

म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलीकडे एक कागद हवा: कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत सांधलं, कोणत्या साली आणि कोणत्या रुग्णालयात. सोबत शेवटचा एक्स-रे. त्यांचा फोटो मोबाईलमध्ये असावा, लग्नानंतर माहेरच्या कपाटात राहू नये. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असेल, तर सातव्या महिन्यात माहेरी जाताना नव्या डॉक्टरांना हा कागद दाखवून भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्यावी.

‘सिझरला पाठीत सुई टोचली आणि तेव्हापासून कंबर धरली’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. इंग्लंडमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून स्त्रियांना प्रसूतीत एपिड्युरल किंवा इतर वेदनाशामक दिलं आणि पुढची काही वर्षं त्यांच्याशी संपर्क ठेवला. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांत कंबरदुखीचं प्रमाण सारखंच होतं. कंबर धरते ती बाळंतपणानंतरच्या दिवसांत, वाकण्याने, उचलण्याने, अपुऱ्या झोपेने. इथे आपल्या चालीरीतींतही थोडा बदल करायला हवा. मणके सांधलेल्या आईला पाय पसरून बसून, बाळाला पायांवर पालथं घेऊन आंघोळ घालता येत नाही, कारण कंबरेतून पुढे वाकताच येत नाही. तिला उंच टेबलावर टब द्यावा, किंवा आंघोळ दुसऱ्या कुणी घालावी. झोळ पडलेल्या बाजेऐवजी सपाट, घट्ट गादी द्यावी. पाजताना पाठीला टेकू आणि मांडीवर उशी असली की बाळ छातीशी येतं, आईला बाळाकडे वाकावं लागत नाही.

शेवटचा प्रश्न बाळाच्या पाठीचा. स्कोलिओसिस काही घरांत चालत येतो. आई, बहीण अशा जवळच्या नातेवाइकांत तो साधारण दहात एकाला आढळतो, आणि जपानी संशोधकांनी २०११ साली एलबीएक्स१ या जनुकाजवळच्या बदलांशी त्याचा संबंध दाखवला. म्हणजे दहातल्या नवांना तो होत नाही. ज्याला होईल त्याचा वेळीच सापडावा म्हणून सोपी तपासणी आहे. इंग्लंडच्या विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली ती सांगितली: मुलीला पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला लावायचं आणि मागून पाहायचं, एका बाजूच्या फासळ्या वर आल्या आहेत का. दहाव्या वर्षापासून वर्षातून दोनदा हे घरीच करता येतं. बाक वाढीच्या वयात सापडला तर पट्ट्याचा उपयोग होतो. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टोकाला गेला नाही. नुसती देखरेख ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. जितके जास्त तास पट्टा बांधला, तितका फायदा जास्त.

श्रोत्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, आशाताई आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते आणि जोखमीच्या गर्भवतीच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. त्या दिवशी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहतानाच बाईला एकदा पाठमोरं उभं करावं. सासूबाईंना दोन मिनिटं बाहेर बसवून, पाठीवर पूर्वी काही झालं आहे का हे तिला एकटीला विचारावं. बाक दिसला तर पायऱ्या चढताना दम लागतो का ते विचारावं, कागद मागावा आणि भूलतज्ज्ञांना कळवावं. श्रोत्यांतल्या ज्या आयांनी मुलीच्या ऑपरेशनची फाइल जपून ठेवली आहे, त्यांनी ती तिच्या लग्नाआधीच बाहेर काढावी आणि व्याह्यांच्या घरी स्वतःच्या तोंडाने सांगावं.